पत्र्याखालची झोप

“अहो, जरा हळू घासा,” वहिनीनं अंगणातून मान वर करून, तोंडाशी तळहात धरून सांगितलं.

छपरावर उकिडवा बसलेला रंगारी तारेचा ब्रश तसाच धरून थांबला. वयानं बराच मोठा माणूस, कोपरापर्यंत जुन्या रंगांचे शिंतोडे अंगावर वागवणारा. त्यानं वाकून खाली पाहिलं.

“गंज हळू घासला तर तो हळूच परत येतो, वहिनी,” तो म्हणाला. “आणि झोपलंय कोण? घरात तर तुम्ही एकट्याच आहात.”

वहिनी ओशाळली. घरात खरंच कोणी झोपलेलं नव्हतं. तिचा नवरा दोन दिवस बेकरीतच, पिठाच्या पोत्यांवर झोपायला गेला होता, आणि तोही तिनंच भांडून धाडलेला. पण सकाळ जराशी वर चढली की तिचा आवाज आपोआप खाली उतरायचा. इतक्या वर्षांची खोड, ती काय एका रंगाऱ्यासाठी सुटणार? ती आत गेली आणि रिकाम्या घरात पातेलं ठेवतानाही तिनं त्याखाली फडकं टाकलंच.

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला उस्ताद. गल्लीच्या टोकाला बेकरी होती आणि तिथली विटांची भट्टी उस्तादच्या ताब्यात होती. पोरवयात लाकडं वाहायला म्हणून तो तिथं लागला, मग पीठ मळायला, मग ट्रे भरायला, आणि भट्टीसमोरचा म्हातारा थकून घरी बसला तेव्हा पाव आतबाहेर करायची लांब दांड्याची फळी याच्या हातात आली, ती आजपर्यंत. संध्याकाळी लोक घरी परतायला लागले की हा घराबाहेर पडायचा. रात्रभर आगीच्या तोंडाशी उभं राहायचं, पहाटे पावांचा शेवटचा घाणा बाहेर काढायचा, आणि लोक कामावर निघाले की यानं घरी यायचं, दोन घास खायचे, आडवं व्हायचं. सगळा संसारच उलटा टांगलेला.

आणि आडवं व्हायचं ते पत्र्याखाली. एका खोलीचं घर, पुढं हातभर अंगण, डोक्यावर पत्रे. ऊन चढलं की पत्रे तापून कडकड वाजायला लागत. बाराच्या पुढं खोलीत दुसरी भट्टी पेटायची. उस्ताद या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा, आणि थोड्याच वेळात पाठीला चिकटलेला सदरा सोडवत उठून बसायचा. आगीतून फुफाट्यात असं लोक बोलण्यापुरतं म्हणतात. उस्तादचा तो रोजचा रस्ता होता. उरलेली दुपार तो भिंतीच्या सावलीत तांबारलेले डोळे घेऊन बसून काढायचा. गल्लीत नव्यानं राहायला आलेला माणूस पहिले काही दिवस त्याला दारुडा समजून जरा लांबून जायचा. उस्तादनं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता.

मिळायची तेवढी झोप मात्र वहिनी डोळ्यांत तेल घालून राखायची. घरात नियम एकच होता. उस्ताद झोपला की त्याला कोणी उठवायचं नाही. आग लागली तर आधी आग विझवायची, मग तो उठला की सांगायचं. दाराची घंटा तिनं केव्हाच काढून टाकली होती. त्याचा फोन ती बंद करून डब्यात ठेवायची. फेरीवाले त्यांच्या दारापाशी आले की आरोळी गिळायचे आणि पुढच्या दारी जाऊन ओरडायचे. लेक लहान होती तेव्हा पडली-झडली तर धावत गल्लीच्या टोकाला जायची, तिथं पोटभर रडायची आणि डोळे पुसून परत यायची. शेजारीण म्हणायची, या घरातलं मांजरसुद्धा चपला हातात घेऊन चालतं.

गंमत अशी की उस्तादला उठवायची वेळ कधी आलीच नव्हती. गजराचं घड्याळ त्या घरात शिरलं नाही, कारण पत्रे होते. उन्हाळ्यात तापून, पावसाळ्यात ताशा वाजवून, थंडीत जरा सवडीनं, पण पत्रे त्याला वेळेच्या आधी उठवायचेच.

हे असंच चालत राहिलं असतं, पण मध्यंतरी उस्तादला भट्टीसमोर डुलकी लागली. उभ्या उभ्या. फळी हातातून सुटली, आतला अख्खा घाणा कोळसा झाला आणि त्याच्या बाहीनं पेट घेतला. जोडीदारानं बादली ओतली म्हणून हात पोळण्यावर निभावलं. हा जोडीदार म्हणजे वर्षानुवर्षं उस्तादच्या शेजारी उभा राहून पीठ मळणारा, आता स्वतःचेही केस पिकायला लागलेला माणूस.

मालक काही वाईट नव्हता. त्यानं सगळ्या कामगारांदेखत उस्तादला समोर बसवलं, चहा पाजला आणि मग शांतपणे सांगितलं, “ताप आला, पाठ धरली, तर खुशाल घरी राहा. आजारपण कोणाला चुकलंय? पण झोपेचं काही पुन्हा झालं तर भट्टी सोडायची, उस्ताद. मग गल्ल्यावर बस. मला तुझी राख घरी पोचवायची नाही.”

उस्तादनं घरी येऊन हे एका वाक्यात सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. गल्ल्यावर बसून पाव मोजून द्यायचे, म्हणजे त्याच्या लेखी घरी बसण्यासारखंच होतं. त्याला भट्टीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि भट्टी आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला येत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. वहिनी त्या दिवशी हातात निवडायला घेतलेलं धान्य तसंच घेऊन बराच वेळ बसून राहिली. तिला भीती वाटली. भट्टी सुटली तर हा माणूस भिंतीच्या सावलीत बसल्या बसल्या संपेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. भट्टी राखायची तर त्याची झोप राखायला हवी, आणि इतकी वर्षं राखली त्यापेक्षा आणखी ती कशी राखायची हे तिला कळत नव्हतं.

तोड काढली लेकीनं. ती एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. आठवड्याला आईबापांकडे चक्कर टाकायची आणि अजूनही दारातून कुजबुजत आत यायची.

“आमच्या दवाखान्याच्या छपराला लावलाय तो रंग,” ती म्हणाली. “पांढराशुभ्र. औषधांची खोली दुपारी नुसती रटरटायची. आता तशी तापत नाही. थंडगार होते असं नाही, पण माणसात येते.”

“रंगानं कुठं ऊन थांबतं?” उस्ताद म्हणाला. “गालाला पावडर लावली म्हणून ताप उतरतो का?”

“थांबवत नाही तो, बाबा. ऊन आलं की आल्या पावली परत पाठवतो. आत घेतच नाही.”

“मी जन्मभर विटांत ऊब धरून ठेवायला शिकलो. आता पोरगी मला ऊब हाकलायला शिकवते.”

“भट्टीत धरा की खुशाल. घरात कशाला धरून बसलाय?”

वहिनी हसली, आवाज न करता. उस्तादनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “करा काय करायचं ते,” तो म्हणाला. “माझी झोप मोडू नका म्हणजे झालं.”

झोप मोडल्याशिवाय ते होणार नव्हतं. रंगाऱ्याचं म्हणणं, काम सकाळीच व्हायला हवं. पत्रा तापला की रंग पसरायच्या आधीच वाळतो आणि मग पोपडे धरतो. म्हणजे नेमकी उस्तादच्या झोपेची वेळ. त्यावरून घरात भांडण झालं, तेही कुजबुजत, आणि अखेर उस्ताद पोत्यांवर झोपायला गेला.

रंगाऱ्यानं पहिल्या दिवशी गंज घासला, पत्रे धुतले, भोकं बुजवली आणि अस्तराचा हात मारला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगाचे दोन हात, मध्ये पहिला वाळेपर्यंत खाली बसून बिड्या. शेवटच्या हाताला तो पलीकडच्या कडेपासून मागं सरकत सरकत शिडीपाशी आला आणि पाठमोराच उतरला. मग डोळ्यांवर हात धरून त्यानं वर पाहिलं. छपराकडे नीट बघवत नव्हतं.

“पांढरं आहे तोवर गुण आहे,” तो म्हणाला. “धूळ बसली की रंगही बसला. अधूनमधून वर पाणी मारत जा, फडकं फिरवा.”

“म्हणजे आता छप्परही धुवायचं?”

“नवऱ्याचे सदरे धुताच ना? त्यात हा एक मोठा सदरा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद घरी आला तो भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं माखलेला. शेजारणीनं आधी छपराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “वहिनी,” ती म्हणाली, “रंग उरला होता वाटतं.” तेवढ्यावर गल्लीची दोन दिवस करमणूक झाली.

पहिल्या दुपारी तो सवयीनं नेहमीच्या वेळेला उठून बसला. पाठीला हात लावून पाहिला. सदरा कोरडा होता. पत्रे वाजत नव्हते.

“आज ऊन पडलं नाही का?” त्यानं विचारलं.

“पडलंय की. बाहेर पाय ठेववत नाही.”

तो खाटेवर उभा राहिला आणि त्यानं हात उंचावून पत्र्याला तळवा टेकवला. पत्रा कोमट होता. आजवर त्या पत्र्यानं उन्हाळ्याच्या दुपारी कोणाला हात लावू दिला नव्हता. उस्ताद थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग पुन्हा आडवा झाला आणि झोपला. उठलेला नवरा परत झोपतो हे वहिनी पहिल्यांदाच बघत होती. तिला इतका आनंद झाला की तो कोणाला तरी सांगावासा वाटला, पण सांगायचा तोही कुजबुजतच, म्हणून ती गप्प बसली.

हळूहळू त्याच्या अंगाला नवी चटक लागली. दुपार कलली तरी तो उठेना. चारला उठायचा, कधी साडेचारला, तोंड धुऊन चहा प्यायचा आणि वेळेवर निघायचा. डोळ्यांतली लाली ओसरली. जेवताना तो चक्क बोलायला लागला. वहिनीनं छपरावर एकदा पाणीही मारून घेतलं. लेक आली तेव्हा तिनं वडलांकडे नुसतं पाहून भुवया उडवल्या.

“ठीक आहे तुझी पावडर,” उस्ताद म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी तारीफ म्हणजे डोक्यावरून पाणी.

मग एक दिवस असा आला की आदल्या रात्री बेकरीत मागणी दुप्पट होती. कुठल्या तरी शाळेचं मोठं काम आलं होतं. उस्ताद सकाळी उशिरा परतला, जेवता जेवता दोनदा पेंगला आणि हात धुऊन आडवा झाला तो एखादं ओझं टाकावं तसा. बाहेर त्या मोसमातलं सगळ्यांत कडक ऊन होतं. गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. पांढऱ्या छपराखालची खोली मात्र शांत होती, आणि तिच्यात एक माणूस झोपला होता.

चार वाजले. साडेचार वाजले. वहिनीनं चहाचं आधण चढवलं आणि उतरवून ठेवलं. पाच वाजून गेले तेव्हा ती खाटेपाशी जाऊन म्हणाली, “अहो.”

तो हलला नाही. तिचा आवाज झोप मोडण्यासाठी घडलेलाच नव्हता. त्या आवाजानं कोंबडीही उठली नसती.

तिनं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला. उस्तादचं तोंड किंचित उघडं होतं. कपाळावर कायम असायची ती आठी कुठं दिसत नव्हती. पोळलेला हात उताणा पडला होता आणि त्याची बोटं सैल सुटली होती. हा माणूस तिनं आजवर रोज झोपलेला पाहिला होता; गाढ झोप लागलेला आज पहिल्यांदाच पाहत होती. एवढ्या सगळ्या राखणीत आपण नेमकं काय राखत होतो ते तिला आता दिसलं.

तिनं हात काढून घेतला.

पाचच मिनिटं, असं तिनं स्वतःला सांगितलं. ती गेली, आणखी पाच गेली. अंगणातली सावली भिंतीवर चढली. लोक कामावरून परतायला लागले. उस्ताद निघायची वेळ झाली, आणि टळली. वहिनी उंबऱ्यापाशी बसून होती. भाबडेपणानं झालं, ध्यानात राहिलं नाही, असं म्हणायला तिला जागा नव्हती. मालकाचे शब्द तिला पाठ होते. ती काय करत होती हे तिला पुरतं कळत होतं.

दिवे लागले तसा जोडीदार आला. वहिनी झटकन उठून बाहेर गेली आणि मागं दार ओढून घेतलं.

“उस्ताद निघाला नाही अजून?” त्यानं विचारलं. “फोनही लागेना. लाकडं पेटायची वेळ झाली.”

“बरं नाही त्यांना,” वहिनी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण खोटं बोललो.

“काय होतंय?”

“अंग तापलंय.”

गल्लीतल्या सगळ्यांत थंड घराच्या दारात उभं राहून तिनं हे सांगितलं.

“बघून येतो जरा,” तो पायरी चढायला लागला.

“नको. झोपलेत.”

त्या गल्लीत या एका शब्दापुढं कोणाचं चालत नसे. जोडीदार चढलेली पायरी उतरला आणि त्याचाही आवाज खाली आला. “बरं, बरं. मग राहू द्या. भट्टीचं बघतो मी कसंतरी. काळजी करू नको म्हणावं.”

तो भराभर चालत गेला. वहिनी आत आली. तिनं उंबऱ्यापाशी एक चादर अंथरली आणि तिच्यावर पडून राहिली.

उस्ताद उठला तेव्हा दाराच्या फटीतून करडा उजेड आत येत होता. त्यानं हात वर करून अंगाला लांबलचक आळस दिला.

“चहा टाक लवकर,” तो म्हणाला. “उशीर झाला वाटतं. दिवस मावळला की काय?”

वहिनी चादरीवर उठून बसली. त्यानं तोंडावर पाणी मारलं, कामाचा सदरा चढवला, डोक्याला फडकं गुंडाळलं. “राहू दे चहा, तिकडंच घेईन,” असं म्हणून तो दार उघडून बाहेर पडला. ती त्याच्या मागं अंगणापर्यंत गेली आणि थांबली.

शेजारीण दारात झाडत होती. “काय उस्ताद,” ती म्हणाली, “आज लवकर सुटलात?”

तो चार पावलं पुढं गेला होता. तिथंच उभा राहिला. पेपरवाला सायकलवरून दारोदार पेपर टाकत येत होता. उस्तादनं बेकरीच्या दिशेला पाहिलं. त्या बाजूच्या आभाळात उजेड होता. संध्याकाळी तिथं कधी उजेड नसतो. त्यानं वळून गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, तिथं अजून अंधार होता. मग तो माघारी आला आणि उंबऱ्यावर बसला.

“सकाळ आहे ना ही?” त्यानं विचारलं.

“हो.”

“भट्टी?”

“तुमचा जोडीदार आला होता. मी सांगितलं तुम्हाला बरं नाही, अंग तापलंय. तुम्हीही तेच सांगा. आजारपणाला मालक काही म्हणत नाहीत.”

तो डोक्याचं फडकं सोडून हातात घेऊन बसला होता. “उठवलं नाहीस,” तो म्हणाला.

“नाही.”

“विसरलीस?”

“नाही. हात लावला होता. मग काढून घेतला.”

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिनं चहा आणून दिला, तो त्यानं सावकाश प्यायला, कप खाली ठेवला, फडकं पुन्हा डोक्याला बांधलं आणि निघून गेला. तिला वाटलं, सांगेल, तापच होता म्हणून सांगेल. एवढं एक खोटं, आणि तेही तिनं आधीच सांगून ठेवलेलं. त्याला फक्त मान हलवायची होती.

सकाळ गेली. उस्ताद आला नाही. वहिनीनं दोनदा अंगण झाडलं. दुपारी जोडीदार आला, केसात पीठ, डोळे जागरणानं सुजलेले. तो अंगणात उभा राहून मोठ्यानं बोलायला लागला. त्या अंगणात दुपारच्या वेळी इतक्या मोठ्यानं कोणी बोललेलं वहिनीला आठवत नव्हतं. तिनं त्याला थांबवलं नाही.

“या माणसाला काय म्हणावं, वहिनी? मी मालकाला सांगितलं, उस्तादला ताप आहे. मालक म्हणाला, असू दे, दोन दिवस पडू दे घरी. मिटलं होतं सगळं. आणि हा येतो काय, मालकासमोर उभा राहतो काय, आणि सांगतो काय, तर ताप नव्हता, झोपलो होतो.”

“मग?”

“मग काय? मालक सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलेला. त्यालाही गिळता येईना आणि थुंकता येईना. उद्या सकाळपासून उस्ताद गल्ल्यावर.” त्यानं डोक्याला हात लावला. “मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, आजारी होतो म्हण. कोण नाडी बघायला बसलंय? तुझं काय जातंय?”

“काय म्हणाले?”

जोडीदाराचा आवाज आपसूक खाली आला. “म्हणाला, इतक्या वर्षांनी झोप लागली. माझ्या बायकोनं ती दारात बसून राखली. तिला आजारपण म्हणू?”

वहिनी पायरीवर बसली. जोडीदार चुळबुळत उभा राहिला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्याला लाज वाटत होती.

“पाव झाले ना काल?” तिनंच विचारलं.

“झाले. मी काढले. एका बाजूनं जरा जास्त भाजले, पण लोकांनी नेले. कोणी काही बोललं नाही.” तो स्वतःच्या पंजांकडे बघत होता. “उस्तादनं पाहिले. एक पाव फोडून बघितला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाला, डाव्या बाजूला लाकूड कमी घाल, तिकडच्या विटा जुन्या आहेत. आणि फळी मला दिली.”

“जेवलात का तुम्ही?” वहिनी म्हणाली.

“नाही. घरी जातो. झोपायला हवं, रात्री भट्टी आहे.” तो दोन पावलं गेला आणि वळला. “वहिनी, आमच्याही घरावर पत्रेच आहेत. तो रंगारी कुठं राहतो?”

तिनं त्याला पत्ता सांगितला.

उस्ताद संध्याकाळी घरी आला. एरवी याच वेळेला तो घराबाहेर पडायचा. शेजारणीनं त्याला बघितलं आणि दार लावून घेतलं. त्यानं हातपाय धुतले आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. रात्रीच्या वेळी आपल्या घरात कुठं बसायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. वहिनीनं पान वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवली. जेवताना भट्टीचा विषय निघाला नाही.

झोपायची वेळ झाली तेव्हा अडचण दोघांच्याही लक्षात आली. घरात खाट एक होती, गादी एक होती, उशी एक होती. दिवसा तो आणि रात्री ती, अशी एकाच अंथरुणात दोघांची वर्षं गेली होती. एकानं उठायचं आणि दुसऱ्यानं पडायचं. दुसरं अंथरूण घ्यावं असं कधी मनातही आलं नव्हतं.

“तू वर झोप,” उस्ताद म्हणाला. “रात्रीची खाट तुझी.”

“तुम्ही झोपा. उद्या लवकर जायचंय.”

“मला काय, गल्ल्यावर बसायचंय नुसतं.” हे त्यानं साध्या आवाजात सांगितलं. मग तिची चादर उचलून त्यानं भिंतीपाशी अंथरली आणि सदऱ्याची गुंडाळी डोक्याखाली घेऊन आडवा झाला. ती खाटेवर पडली. दिवा मालवला.

“मी उठवायला हवं होतं,” ती अंधारात म्हणाली.

“चांगली लागली होती,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “सकाळी उठवशील ना? पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत गल्ला उघडायला लागतो.”

“उठवीन.”

“मोठ्यानं हाक मार. तुझी हाक कानापर्यंत पोचत नाही.”

रात्री जागायची त्याच्या अंगाला एवढी सवय की डोळा लागणं शक्यच नव्हतं. तिलाही लागला नाही. छपराखाली दोघंही निमूट पडून राहिली, एक वर आणि एक खाली, आणि दुसऱ्याला झोप लागली असेल म्हणून कोणीच कूस बदलली नाही.

उजाडायच्या आधी वहिनी उठली. दिवा लावला. उस्ताद उताणा पडला होता, डोळे टक्क उघडे, पत्र्याकडे लागलेले. तो जागा होता हे तिला दिसलं, आणि तिला दिसलं हे त्यालाही कळलं. तरी ती खाली बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिनं हाक मारली. आवाज फाटला, पण मोठा निघाला. पलीकडं शेजारणीच्या घरात दिवा लागला.

“अहो, उठा. वेळ झाली.”

“उठतो,” तो म्हणाला, आणि उठला.